जामकाठचे गोटे आणि समेटाचे शिक्षण

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव तेथील हनुमान मंदिरामुळे दूरवर ओळखले जाते. मारुतीची मूर्ती आपण बहुधा उभी, हाती गदा किंवा पर्वत घेतलेली पाहतो; जामसांवलीची मूर्ती मात्र पहुडलेली आहे. मंगळवारी व शनिवारी तेथे भाविकांची रीघ लागते. छिंदवाड्याकडून हिंदी बोलणारे येतात, नागपुराकडून मराठी बोलणारे येतात, आणि मनाने त्रासलेल्या आप्तांना घेऊन आलेली कुटुंबेही त्यांत असतात. त्यांची उपासना आमची नव्हे. तथापि त्यांचे मागणे आम्हांस परके नाही. ते मागणे शांतीचे आहे.

ज्या जाम नदीचे नाव ह्या गावाच्या नावात ऐकू येते, त्याच नदीच्या पात्रात, पश्चिमेकडे पांढुर्ण्याला, दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. एकाच नदीच्या काठी एके ठिकाणी माणसे शांती मागावयास जातात आणि दुसऱ्या ठिकाणी हाती गोटे घेऊन समोरासमोर उभी राहतात. ह्या विसंगतीकडे केवळ बोट दाखवून थांबणे सोपे आहे. पण जे धर्मगुरू व धर्मशिक्षक गावोगावी माणसांच्या भांडणांत रोज सापडतात, त्यांनी ह्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. तो प्रश्न असा: समेट करणे ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे काय? आणि इतिहासात ती कोणी, कशी शिकवली? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

गोटमार: एका दिवसाचे वैर

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १८६१ साली मध्य प्रांत झाला, तेव्हा तो छिंदवाडा जिल्ह्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. अशा रीतीने घरात मराठी बोलणारी, कचेरीत हिंदी लिहिणारी, संत्र्याच्या बागा राखणारी ही वस्ती राज्याच्या सीमेवर येऊन थांबली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले.

पोळा हा बैलांचा सण. आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जुवाखाली राबलेल्या खांद्यांना तूप-हळद लावली जाते. सणाच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवले जात नाही. मुक्या जनावराचे श्रम कृतज्ञतेने आठवणारा इतका कोमल सण क्वचितच असेल. त्याच्याच दुसऱ्या दिवशी, नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते तेव्हा, इकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यास निशाण बांधलेले असते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. पांढुर्णेकरांनी झाड न्यावयाचे, सावरगावकरांनी ते राखावयाचे. आणि दोहोंच्या मध्ये दगडांचा वर्षाव. शेवटी झाड चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते.

लोककथा सांगते की, पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी परस्परांच्या प्रेमात पडून पळून जात असता नदीच्या मध्यावर मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडचे त्याच्या मदतीस धावले आणि त्या माऱ्यात दोघेही प्राणास मुकले. कथा ऐतिहासिक असो वा नसो, तिचा आशय विचार करावयास लावणारा आहे. गोटमारीच्या मुळाशी समाजाने ज्याची कल्पना केली, ते एक न मिटवलेले भांडण आहे. दोन घरांमध्ये बोलणारा, मध्ये उभा राहणारा कोणी नव्हता, म्हणून दोन जीव गेले. आणि त्या अभावाचे स्मरण समाज दगड मारूनच करीत आला.

ह्या मेळ्यात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासूनच्या काळात दहाहून अधिक माणसे त्यात दगावली आहेत. कित्येकांचे डोळे गेले, हातपाय निकामी झाले. ह्याचा शासनाला विसर पडलेला नाही. जमावबंदीचे हुकूम निघाले, गोफणींवर बंदी आली, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहण्यात आले. चेंडू बाजूला पडले आणि दगड परत आले. १९७८ व १९८७ साली तर पोलिसांना गोळीबार करावा लागला. तरीही मेळा चालूच आहे. दंडाने गोटमार थांबली नाही, एवढे तरी ह्या इतिहासावरून निर्विवाद दिसते.

परंतु आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपण सहसा पाहत नाही. मेळ्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या लोकांची शांतता समितीची बैठक भरते. संध्याकाळी, पुष्कळदा, दोन्ही पक्षांच्या सहमतीनेच झाड काढून मंदिरात नेले जाते. म्हणजे सहमतीची कला ह्या लोकांना मुळीच अवगत नाही असे नव्हे. ती कला फक्त उशिरा, दिवस मावळताना, जखमा बांधून झाल्यावर उपयोगात येते. मग ती सकाळी का येऊ नये? वर्षाच्या इतर दिवशी का येऊ नये? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे. येथील लोकांना रानटी म्हणून हिणवणाऱ्याच्या ध्यानात तो कधीच यावयाचा नाही.

आद्य ख्रिस्तसभेतील सोमवार

गावातल्या भांडणाचा विषय निघाला की, आम्ही धर्मगुरू क्षमेवर प्रवचन करतो. पण शुभवर्तमानात क्षमेची आज्ञा जशी आहे, तशी समेटाची रीतही आहे, हे आपण विसरतो. संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने अपराधी बंधूविषयी जी शिकवण दिली, तिच्यात पायऱ्या आहेत: आधी एकट्याने, एकांतात जावे, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत घ्यावे, त्यानंतरच सभेपुढे मांडावे. जो गावात राहिला आहे त्यास ह्या क्रमाचे शहाणपण तत्काळ कळेल. आपल्याकडे बहुतेक भांडणे नेमकी उलट्या क्रमाने चालतात. आधी चावडीवर बोभाटा होतो, मग दोन्हीकडचे पाठीराखे गोळा होतात आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याशी एकांतात बोलणे कधी घडतच नाही.

फिलिप्पैकरांच्या पत्रात संत पौलाने युवदीया व सुंतुखे ह्या दोन भगिनींस एकचित्त होण्याची विनंती केली आहे. त्यांचे कशावरून बिनसले होते हे पौल सांगत नाही. पण केवळ विनंती करून तो थांबत नाही. तिसऱ्या एका व्यक्तीला तो त्या दोघींस साहाय्य करण्यास सांगतो. त्या व्यक्तीसाठी त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे, एका जुवाखालचा जोडीदार. पोळा साजरा करणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना ह्या शब्दाचे विवरण करून सांगण्याची गरज नाही. मध्यस्थ हा बांधावर उभा राहून निवाडा देणारा नव्हे. तो त्याच जुवाला मान देणारा आहे.

पुढे ख्रिस्तसभा वाढली तशी ही रीत अधिक स्पष्ट झाली. दिदाखे ह्या प्राचीन ग्रंथात असे सांगितले आहे की, ज्यांचे आपल्या सोबत्याशी भांडण असेल त्यांनी समेट होईपर्यंत प्रभुवारच्या मेळाव्यात सामील होऊ नये. तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या दिदास्कालिया ह्या ग्रंथात तर ह्याहून व्यवहारी नियम आहे. महागुरूंनी भांडणांची सुनावणी सोमवारी ठेवावी, म्हणजे कोणास निर्णय मान्य नसल्यास आठवडाभर बोलण्यास अवधी मिळेल आणि येणाऱ्या रविवारी उभय पक्षांना शांतीने एकत्र येता येईल. सुनावणीच्या वेळी वडीलजन व सेवक हजर असावेत, दोन्ही पक्ष समोर असावेत, एकाच बाजूचे ऐकून निर्णय देऊ नये, असेही हा ग्रंथ बजावतो.

आम्हांस ह्या सोमवाराचे फार महत्त्व वाटते. मिस्साबलिदानात आपण एकमेकांस शांतीचे अभिवादन करतो. ते केवळ हात जोडणे नव्हे, तर सोमवारपासून चाललेल्या खटपटीचे फळ होय, अशी त्या काळची समजूत होती. आज आमच्या धर्मग्रामांत रविवार उरला आहे. सोमवार हरवला आहे.

पेरुजियाची दगडांची लढाई

दगडांचा खेळ ही काही जामकाठचीच गोष्ट नाही. इटलीतील पेरुजिया ह्या ख्रिस्ती शहरात मध्ययुगात दगडांची लढाई हा सार्वजनिक खेळ होता. शहराच्या वरच्या भागातील लोक एका बाजूस आणि खालच्या भागातील दुसऱ्या बाजूस. जखमा होत, माणसे मरत, आणि तरीही शहर त्यास आपले भूषण मानी. ज्यांना असे वाटते की असल्या रूढी केवळ आमच्या देशात किंवा केवळ अन्य धर्मीयांत आढळतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

त्यापूर्वीही ख्रिस्तसभेने हिंसेला आवर घालण्याचे प्रयत्न केलेले होते. ९८९ साली फ्रान्समधील शारू येथे भरलेल्या धर्मसभेने चर्चवर हल्ला करणाऱ्यास, निःशस्त्र धर्मगुरूस मारणाऱ्यास आणि गरीब शेतकऱ्याची गुरे हिसकावणाऱ्यास बहिष्कृत ठरविले. गुरांच्या त्या यादीत बैलही होता, ही गोष्ट पोळ्याच्या प्रदेशात सांगण्यासारखी आहे. १०२७ साली तुलूज येथील सभेने शनिवारच्या तिसऱ्या प्रहरापासून सोमवारच्या सकाळपर्यंत कोणी कोणावर शस्त्र उचलू नये असा नियम केला. पुढे हा विराम बुधवारच्या संध्याकाळपर्यंत मागे नेण्यात आला. ह्यास देवाचा तह म्हणत. त्याने हिंसेला दिवसांचे कुंपण घातले. हे कुंपण मोलाचे होते, पण ते कुंपणच होते. गोटमारही एका अर्थाने असेच कुंपण आहे: वर्षातून एकच दिवस, एकाच पात्रात. कुंपणाने वैराची जागा आखली जाते. वैर नाहीसे होत नाही.

१४२५ साली सिएनाचे संत बेर्नार्दिन पेरुजियास आले. हे फ्रान्सिस्कन संन्यासी गावोगाव पायी फिरत, चौकात प्रवचन करीत. पक्षापक्षांची निशाणे उतरवून त्या जागी येशूच्या पवित्र नावाची अक्षरे लावण्यास ते लोकांना सांगत. त्यांच्या प्रवचनांनी शहर हलले. त्याच वर्षी शहराने नवे नियम केले, त्यांना बेर्नार्दिनांचे नाव मिळाले, आणि त्या नियमांत दगडांच्या लढाईस बंदी घालण्यात आली. जे शेकडो वर्षांच्या रूढीने चालले होते, ते एका प्रवचकाच्या शब्दाने नियमबाह्य ठरले.

आम्ही धर्मगुरूंनी येथेच थांबावे असा मोह होतो. पण इतिहास येथे थांबत नाही. १५०० सालच्या जुलै महिन्यात, एका विवाहसमारंभाच्या निमित्ताने सारे कुटुंब जमले असता, पेरुजियातील बालियोनी ह्या सत्ताधारी घराण्यातील काही जणांनी आपल्याच आप्तांची रात्री झोपेत कत्तल केली. दगडांची लढाई नियमाने थांबविता आली, परंतु घराघरांतील वैर धुमसतच राहिले होते. प्रवचनाने माणसे रडली, एकमेकांस भेटली, पण भांडण कसे ऐकावे, कसे मांडावे, कसे मिटवावे हे शिकण्याची सोय प्रवचनात नव्हती. ह्यात संत बेर्नार्दिनांचा उणेपणा नाही. प्रवचन ह्या साधनाचीच ती मर्यादा आहे.

ही मर्यादा आम्ही स्वतः अनुभवली आहे. पौरोहित्याच्या आरंभीच्या वर्षांत आमच्याकडे दोन भावांचे भांडण आले. संत्र्याच्या बागेचा धुरा थोरल्याने हळूहळू सरकवला, असे धाकट्याचे गाऱ्हाणे होते. आम्ही दोघांना समोर बसवून क्षमेवर बोललो. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने भावाच्या पायांना हात लावला. आम्हांस धन्य वाटले. धुरा मात्र जेथे होता तेथेच राहिला. पुढच्या हंगामात धाकट्याचे कुटुंब मिस्सेस येईनासे झाले. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने एवढेच म्हटले की, फादर, तुम्ही रडवलंत त्यांना, मोजणी कोणी केली नाही. त्या बाईच्या शब्दांनी आम्हांस जे शिकवले ते सेमिनरीतील वर्षांत आम्ही शिकलो नव्हतो. दुबळ्याने क्षमा करावी आणि सबळाने जमीन ठेवावी, ह्यास समेट म्हणत नाहीत.

भिवंडीचा धडा

आमच्या भाषेच्या प्रदेशात समेटाचे शिक्षण खऱ्या अर्थाने कोठे झाले असेल तर ते भिवंडीत. यंत्रमागांच्या ह्या शहरात १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. दंगलीची वाट पाहत बसण्याऐवजी मोहल्ल्यातील लहानसहान तंटे तेथे येऊ लागले, आणि ते मिटविता मिटविता माणसांना एकमेकांची नावे, घरे, स्वभाव कळू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

ज्या दिवशी अफवा पसरली त्या दिवशी कोणी भिवंडीत जाऊन शांतीचे प्रवचन केले म्हणून हे घडले नाही. त्याआधीची चार वर्षे माणसे लहान भांडणांवर सराव करीत होती, म्हणून मोठ्या संकटात त्यांचे हात दगडाकडे गेले नाहीत. मुंबईनेही हा धडा उशिरा का होईना घेतला. १९९४ मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातील दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे समितीने सामोपचाराने मिटवावेत आणि तंटामुक्त ठरलेल्या गावास लोकसंख्येच्या मानाने एक लाखापासून दहा लाखांपर्यंत पुरस्कार मिळावा, अशी ही योजना होती. तिने भांडण हा साऱ्या गावाचा विषय केला आणि कोर्टाच्या फेऱ्यांतून अनेकांची सुटका केली. पुढे तिचा जोर ओसरला. ह्या योजनेवरून दोन सावधगिरीच्या गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. पुरस्कार दाराशी उभा असला की, तंटा मिटविण्यापेक्षा तो मिटला असे लिहिण्याकडे कल होतो. आणि गावाचे नाव राखावयाचे असले की, तक्रार करणाऱ्या दुबळ्यालाच गप्प बसविले जाण्याचा धोका असतो. आमच्या त्या धाकट्या भावासारखे.

अलीकडे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आहे. ज्या तंट्याने वस्तीतील शांतता बिघडण्याचा संभव आहे, तो उभय पक्षांच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता यावा, असा त्याचा आशय आहे. अशा तडजोडीस न्यायालयाच्या हुकुमाचे बळ मात्र दिलेले नाही. ती टिकावयाची तर माणसांच्या शब्दावरच टिकावयाची. म्हणजे कायदाही शेवटी तेथेच येऊन थांबतो जेथे धर्मशिक्षकाचे काम सुरू होते.

काय शिकवावे

ह्या इतिहासातून धर्मशिक्षकांच्या वर्गासाठी काही पाठ निघतात. ते आम्ही थोडक्यात मांडतो.

पहिला पाठ ऐकण्याचा. दोघांपैकी प्रत्येकाने समोरच्याचे गाऱ्हाणे आपल्या तोंडाने सांगावयाचे, आणि समोरचा 'हो, मला हेच म्हणावयाचे होते' असे म्हणेपर्यंत आपली बाजू मांडावयाची नाही. वर्गात हा सराव करून पाहावा. पाच मिनिटांत कळते की हे किती कठीण आहे. पण ज्याने हे एकदा केले त्याच्या मनातील शत्रूचे चित्र पूर्वीसारखे राहत नाही.

दुसरा पाठ मोजण्याचा. धुऱ्याचे भांडण असेल तर मोजणी मागवावी, ओलिताच्या पाळीचे असेल तर तास लिहून काढावेत, पांदणीचे असेल तर नकाशा पाहावा. जे फुटपट्टीने ठरू शकते ते अश्रूंवर सोडू नये. न्याय हा समेटाचा पाया आहे. तो नंतर चढवावयाचा कळस नव्हे.

तिसरा पाठ वेळेचा. आद्य ख्रिस्तसभेचा सोमवार परत आणावा. भांडण कानी आल्यावर त्याच आठवड्यात, लग्न, सण किंवा निवडणूक तोंडावर येण्याआधी बसावे. राग ताजा असताना माणूस ऐकत नाही हे खरे; पण तो शिळा झाला की त्याचा अभिमान होतो, आणि अभिमान मिटविणे फार अवघड.

चौथा पाठ लिहिण्याचा. मध्ययुगीन इटलीत शत्रुत्व मिटले की लेखकापुढे शांतीचा करार लिहून घेत आणि साक्षी ठेवीत. आपल्याकडेही ठरलेल्या गोष्टी साध्या मराठीत किंवा हिंदीत, दोघांना कळतील अशा शब्दांत लिहाव्यात, आणि महिन्याभराने पुन्हा बसण्याचा दिवस त्याच कागदावर नमूद करावा. त्या दुसऱ्या बैठकीवाचून पहिली व्यर्थ जाते.

पाचवा पाठ मर्यादेचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. घरात स्त्रीला मारहाण होत असेल, बालकावर अत्याचार झाला असेल, जातीवरून कोणाचा अपमान किंवा छळ झाला असेल, तर ते तडजोडीचे विषय नव्हेत. तेथे पीडिताच्या बाजूने उभे राहून त्यास कायद्याचे संरक्षण मिळवून देणे हेच शांतीचे काम होय. अशा ठिकाणी 'मिटवून घ्या' म्हणणारा धर्मगुरू शांती निर्माण करीत नाही. तो फक्त रडण्याचा आवाज बंद करतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणसाच्या सेवेकडे संशयाने पाहिले जाण्याचा इतिहास आहे. १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला, १९६८ साली राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अशा भूमीत आम्ही इतरांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून जाऊ लागलो तर 'ह्यांचा हेतू काय?' असा प्रश्न विचारला जाणारच. त्यावर रागावून उपयोग नाही. मध्यस्थाचा हेतू शुद्ध असला पाहिजे एवढेच पुरे नाही. तो शुद्ध आहे हे दिसलेही पाहिजे. म्हणून हे काम आम्ही एकट्याने करू नये. गावातील शिक्षक, कोटवार, बचत गटातील भगिनी, मंदिराचे व मशिदीचे विश्वस्त यांच्यासोबत, त्यांच्या मागोमाग चालून करावे. समेटाच्या बैठकीत आपल्या पंथात येण्याचे आमंत्रण देणे हा त्या बैठकीचा विश्वासघात होय. आणि सुरुवात आमच्या स्वतःच्या अंगणातून करावी. ज्या धर्मग्रामातील दोन कुटुंबे वर्षानुवर्षे चर्चच्या दोन टोकांना बसतात, तेथील धर्मगुरूने जामकाठच्या लोकांना शहाणपण शिकवू नये.

गोटमार कधी थांबेल हे आम्ही सांगू शकत नाही. ती थांबवावयाची तर पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोकच थांबवतील, आणि ज्या सहमतीने ते संध्याकाळी झाड उतरवतात तीच सहमती त्यांना त्यासाठी उपयोगी पडेल. आमचे काम त्याहून लहान आणि त्याहून जवळचे आहे. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला व धर्मशिक्षकाला आपल्या वस्तीतील एक तरी न मिटलेले भांडण ठाऊक असेल. येत्या रविवारी त्यावर प्रवचन करू नये. येत्या सोमवारी, आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या घरी जावे, ओसरीवर बसावे, आणि मोजणी केव्हा झाली होती ते विचारावे.